गिधाडांचं मरण आणि औषधाचा परवाना



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. इथं वन्यजीव संरक्षणावर बोलायचं ठरलं, तेव्हा वाघ, हत्ती, कासव असे पुष्कळ विषय समोर होते. मी गिधाड निवडलं. वाघ कुठं वाचतो किंवा मरतो हे आपल्याला साधारण ठाऊक असतं : रानात. गिधाडाचं तसं नाही. त्याच्या जगण्या-मरण्याचे बरेचसे निर्णय रानापासून फार दूर, अशा कचेऱ्यांमध्ये होतात जिथं कुणाच्या मनात गिधाडाचा विचारही येत नाही. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते नीट सांगायचं तर तपशिलात शिरावं लागेल.

ऐंशीच्या दशकात भारतात गिधाडं काही कोटींत होती. चार कोटी हा अंदाज नेहमी दिला जातो. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा तर त्या काळी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये बहुधा सर्वांत जास्त संख्येनं असलेला पक्षी मानला जायचा. याचं कारण आपल्या गोठ्यात होतं. आपल्याकडं गुरं अफाट, आणि त्यातली कितीतरी म्हातारी होऊन दावणीलाच मरणारी. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून न्यायचं, कातडं सोलून घ्यायचं, बाकीचं तिथंच टाकायचं. घटकाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. गिधाडांचा मोठा थवा गाईएवढं जनावर तासाभराच्या आत हाडांपर्यंत साफ करतो. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की माणसाला आणि गुरांना घातक ठरणारे कितीतरी जंतू त्यात टिकत नाहीत.

या व्यवस्थेबद्दल बोलताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ढोर ओढण्याचं आणि सोलण्याचं काम गावगाड्यानं ठरावीक जातींवर लादलं होतं. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं, ते या लाचारीतून बाहेर पडण्यासाठी. म्हणजे गावाच्या स्वच्छतेचं अर्धं काम काही माणसांवर ढकललेलं होतं आणि उरलेलं अर्धं पक्षी करत होते. दोघांकडंही गावानं तोंड फिरवलेलं होतं. गिधाडं संपू लागली तेव्हा ती संपताहेत हे कुणाच्या लवकर ध्यानात आलं नाही, त्यामागं हे तोंड फिरवणं आहे असं मला वाटतं.

ध्यानात आलं ते भरतपूरला. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ते परत मोजायला गेले, तर घरटी भराभर कमी होत चाललेली. झाडांवर गिधाडं माना खाली टाकून बसलेली, काही घरट्यातच मेलेली, काही फांद्यांना लटकलेली. अन्नाची टंचाई नव्हती. आजूबाजूला मेलेली गुरं तशीच पडून होती. १९९९ मध्ये त्यांनी हे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं, आणि मग देशभरातून, नेपाळमधून, पाकिस्तानातून तेच ऐकू येऊ लागलं. पुढं मोजदादीतून निघालेले आकडे असे : १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली, लांब चोचीची आणि बारीक चोचीची जवळजवळ ९७ टक्के. पांढऱ्या पाठीचं तर हजारांतलं एक उरलं.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. तो रास्तही होता, कारण इतक्या मोठ्या प्रदेशात एकाच वेळी मरतूक होते ती बहुधा साथीनंच. भारतातले अभ्यासक त्या दिशेनं शोधत होते. पाकिस्तानच्या पंजाबात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि ‘पेरेग्रीन फंड’चे त्यांचे सहकारी मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन करत होते. बहुतेक मृत पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सापडे. ते यूरिक ॲसिडचे स्फटिक. पक्ष्याची मूत्रपिंडं बंद पडली की यूरिक ॲसिड बाहेर जात नाही, अवयवांवर साचतं आणि पक्षी एक-दोन दिवसांत जातो. मूत्रपिंडं कशानं बंद पडताहेत, हा प्रश्न होता. विषाणू तपासले, जिवाणू तपासले, कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले. काही मिळेना.

मग ओक्स यांनी प्रश्नच बदलला. गिधाडं खातात काय? गुरं. मग गुरांना काय दिलं जातं? त्यांनी पशुवैद्यकांकडं आणि औषध विक्रेत्यांकडं चौकशी केली : मूत्रपिंडाला बाधू शकेल असं कुठलं औषध गुरांमध्ये अलीकडं सर्रास वापरात आलं आहे? उत्तर एकच आलं, डायक्लोफेनॅक. आपल्यापैकी पुष्कळांनी गुडघा दुखतो म्हणून ते घेतलेलं असेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा पेटंटचा काळ संपला, आपल्याकडं ते स्वस्तात बनू लागलं आणि गुरांच्या इंजेक्शनातही आलं. ओक्स यांनी तपासलेल्या गिधाडांपैकी ज्या पंचवीसांच्या अवयवांवर पांढरा थर होता, त्या पंचवीसांच्याही मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक सापडलं. ज्यांना दुसऱ्या कारणानं मरण आलं होतं, त्यांच्यात ते नव्हतं. २००३ मध्ये त्यांनी ही गोष्ट जाहीर केली आणि २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या नियतकालिकात शोधनिबंध आला. पाळीव जनावरांसाठी असलेलं औषध एखाद्या जंगली पक्ष्याच्या जातीला संपवू शकतं, हे जगात प्रथमच इतक्या स्पष्टपणे सिद्ध झालं होतं. ओक्स २०११ मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं.

हे औषध गुरांना कुणी वाईट हेतूनं दिलं नव्हतं. बैलाचा खांदा सुजला, गाय लंगडू लागली, म्हशीची कास दुखू लागली की शेतकरी डॉक्टरला बोलावतो आणि डॉक्टर इंजेक्शन देतो. कित्येकदा ते जनावर मरणारच असतं, निदान त्याचा शेवट सुखाचा व्हावा म्हणून दुखणं थांबवतात. अशाच जनावराच्या अंगात मरताना औषध शिल्लक असायचं. माया लावून वाढवलेल्या गुरांवरच्या दयेतून गिधाडांचा नाश झाला. म्हणून इथं खलनायक शोधून उपयोग नाही.

आणि नाशाला किती थोडं विष पुरलं ते पाहा. केंब्रिजचे रिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पिलू वयात यायला पाच-एक वर्षं लागतात. मोठी गिधाडं भराभर मरू लागली तर ही जात तूट भरून काढूच शकत नाही. शिवाय एका मेलेल्या ढोरावर शेकडो गिधाडं जेवतात. त्यामुळं दर हजार मृत जनावरांमागं एक ते आठ जनावरांत प्राणघातक प्रमाणात डायक्लोफेनॅक असलं, तरी जेवढी घट प्रत्यक्षात दिसली तेवढी होते. पुढं भारतात मृत गुरांचे नमुने तपासले तेव्हा दहांपैकी एकात ते सापडलं.

गिधाडं गेल्यावर माळावरची ढोरं कुजत पडली, विहिरी-ओढ्यांच्या काठी पडली, आणि त्यांच्यावर कुत्री आली. अनिल मार्कंड्य आणि इतर अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की गिधाडांच्या घटीनंतर देशात निदान ५५ लाख कुत्री वाढली, आणि रेबीजनं सत्तेचाळीस हजारांहून जास्त माणसं जादा मेली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्यांनी देशातले जिल्हे दोन गटांत पाडले : पूर्वी गिधाडांना मानवणारे आणि न मानवणारे. डायक्लोफेनॅक येण्यापूर्वी दोन्ही गटांतला माणसांचा मृत्युदर जवळपास सारखा होता. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतला मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. त्यांच्या अंदाजानं २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख माणसं जास्त मेली. अंदाज हा अंदाजच असतो, आकड्याबद्दल जाणकारांनी वाद घालावा. पण कुजणारी ढोरं, घाण झालेलं पाणी, पिसाळलेली कुत्री आणि सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी लागलेली रांग ही साखळी आपल्या खेड्यांनी अनुभवलेली आहे.

मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या दुःखानं पोचली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज पिढ्यान्‌पिढ्या आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत आला. पक्षीच राहिले नाहीत. मग तिथं सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवावी लागली, आणि २०१५ मध्ये वरळीला दहनापूर्वीच्या प्रार्थनेसाठी वेगळं सभागृह उभं राहिलं. शतकांची एक धर्मरीत गुरांच्या एका इंजेक्शननं मोडली, आणि त्या समाजातल्या माणसामाणसांत अंत्यविधीवरून पडलेलं अंतर अजून बुजलेलं नाही.

आता बंदीकडं येऊ. २००६ च्या मे महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांनी गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन थांबवण्याचे आदेश दिले. नेपाळ आणि पाकिस्तानानंही त्याच वर्षी पावलं उचलली, बांगलादेशानं २०१० मध्ये. दरम्यान दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात चाचण्या होऊन मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही हेही सिद्ध झालं होतं. म्हणजे शेतकऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवायची वेळ नव्हती, पर्याय होता. शोधनिबंध आल्यापासून दोन-अडीच वर्षांत बंदी, हे आपल्या कारभाराच्या मानानं चांगलं काम झालं आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक चालूच होतं, आणि ते ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्यांत मिळत होतं. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागतं. तीस मिलिलिटर कुणासाठी, हे गुरांच्या औषधांची खरेदी-विक्री करणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. ती पळवाट बुजायला २०१५ उजाडलं. माणसांच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेची असावी असा नियम झाला. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये न्यायालयानं नियम कायम ठेवला. नऊ वर्षं एका बाटलीच्या आकारावर गेली. गिधाडांच्या संरक्षणाची इतकी मोठी लढाई बाटलीच्या आकारावर लढली जाते, ही गोष्ट अभयारण्याच्या कुठल्याही फलकावर लिहिलेली नसते.

हे आपल्याच देशाचं दुखणं आहे असं समजू नका. युरोपातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडं स्पेनमध्ये आहेत. तिथं दोन वेळा असं घडलं. पहिल्यांदा, गाईंना वेड लागण्याचा रोग पसरला म्हणून युरोपीय संघानं २००२ मध्ये मेलेली जनावरं उघड्यावर टाकायला मनाई केली. माणसांच्या आरोग्यासाठी केलेला नियम, हेतू उत्तम. पण स्पेनच्या डोंगरांतली गिधाडं उपाशी पडली. शेवटी अभ्यासकांनी पाठपुरावा करून २०११ मध्ये नियम सैल करून घेतला. दुसऱ्यांदा, २०१३ मध्ये स्पेननं गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवाना दिला. भारतात काय झालं हे तोवर साऱ्या जगानं वाचलेलं होतं. स्पेनचं म्हणणं होतं की आमच्याकडं नियम कडक आहेत, औषध दिलेलं जनावर गिधाडांपर्यंत जाणारच नाही. २०२० मध्ये कॅटालोनियात एक काळं गिधाड घरट्याजवळ मेलेलं सापडलं. त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक होतं.

आफ्रिकेत विष वेगळं, हेतूही वेगळा. तिथं चोरटे शिकारी हत्ती मारून सुळे काढतात आणि त्याच्या शरीरात कीटकनाशक ओततात. आभाळात घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना शिकारीची जागा दाखवतात, म्हणून गिधाडांना मुद्दाम मारायचं. २०१९ च्या जूनमध्ये बोट्स्वानात तीन हत्तींच्या शवांभोवती ५३७ गिधाडं मेलेली सापडली. दुसऱ्या वर्षी गिनी-बिसाऊत दोन हजारांहून अधिक गिधाडांना विष घातलं गेलं, आणि पुष्कळांची डोकी कापून नेलेली होती, कारण गिधाडाच्या डोक्यात भाग्य आणि अतींद्रिय शक्ती असते अशी समजूत पश्चिम आफ्रिकेत आहे. सिंहानं गाय मारली म्हणून गुराखी उरलेल्या मांसावर कार्बोफ्युरान टाकतो, त्यातही सिंहाआधी गिधाडंच जातात. इथं गुराख्याला गाईची भरपाई वेळेवर मिळाली आणि शेतीच्या दुकानातून ते कीटकनाशक हटवलं, तर वनखात्याच्या दहा गाड्यांपेक्षा जास्त काम होईल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया काँडॉर या गिधाडाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८२ मध्ये बावीस पक्षी उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून प्रजनन केंद्रात नेला. आज पाचशेहून अधिक काँडॉर आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त मोकळ्या आभाळात. तरीही त्यांना पुनःपुन्हा पकडून रक्त तपासावं लागतं, शिसं काढण्याचे उपचार करावे लागतात. कारण शिकाऱ्यांनी टाकून दिलेली आतडी ते खातात आणि त्यांत शिशाच्या गोळीचे कण असतात. कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. बाकी राज्यांत काँडॉर उडून जातो तेव्हा त्याला सीमा कळत नाही.

आता आपल्या बाजूचं जे चांगलं घडलं ते. हरियाणात पिंजोर इथं हरियाणा वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी २००१ मध्ये गिधाड केंद्र सुरू केलं. पुढं त्याचं जटायू संवर्धन प्रजनन केंद्र झालं. गिधाड पिंजऱ्यात वाढवणं फार चिकाटीचं काम आहे. जोडी जुळायला वर्षं जातात, अंडं एकच, आणि त्यांना दिलं जाणारं मांस औषधमुक्त असल्याची खात्री करावी लागते. तरीही तिथं शेकडो पक्षी झाले. २०२४ च्या जानेवारीत त्यांतले वीस महाराष्ट्रात पेंच आणि ताडोब्याला आणले गेले, पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं लावून पुढं सोडले गेले.

नेपाळनं वेगळी वाट धरली. नवलपरासी जिल्ह्यात पिठौली गावी २००६ मध्ये गावकऱ्यांनी गिधाडांसाठी ‘रेस्टॉरंट’ सुरू केलं. म्हातारी, निकामी गुरं शेतकरी तिथं आणून सोडतात. त्यांची मरेपर्यंत देखभाल होते, मेल्यावर ती गिधाडांना दिली जातात. आसपासच्या दुकानांतलं डायक्लोफेनॅक काढून घेऊन तिथं मेलॉक्झिकॅम ठेवलं गेलं. नेपाळमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या आता हळूहळू वर चढते आहे. पिंजोरपेक्षा मला या गावाचं जास्त अप्रूप आहे, कारण इथं औषधाचं दुकान, गोठा आणि आभाळ यांचा एकत्र विचार झाला.

आपल्याकडं रायगडात म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी घरट्यांची झाडं जपली, मृत जनावरं गिधाडांसाठी ठरल्या जागी आणून टाकली. २०२० च्या निसर्ग वादळानं त्या पट्ट्यातली जुनी झाडं आडवी केली, तरी गावानं काम सोडलं नाही. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्यानं गावकऱ्यांसोबत गिधाडांना खाऊ घालण्याची जागा केली आहे. त्याच जिल्ह्यात टाकेदला जटायू पडला अशी श्रद्धा आहे, लोक तिथं तीर्थ म्हणून जातात. त्या यात्रेच्या वाटेवरच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दुकानात कुठलं इंजेक्शन विकलं जातं, यावर खोरीपाड्याचं यश अवलंबून आहे.

म्हणून माझं आजचं मागणं वनखात्याकडं कमी आणि औषध नियंत्रकांकडं जास्त आहे. डायक्लोफेनॅक गेलं, तर त्याच्या जागी केटोप्रोफेन आलं, ॲसिक्लोफेनॅक आलं, निमेसुलाइड आलं. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे २०१० पर्यंत प्रयोगांनी दाखवलं होतं. ॲसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं. या दोन्हींवर भारतात बंदी आली ती २०२३ च्या जुलैअखेर. बांगलादेशानं केटोप्रोफेन त्याआधी दोन वर्षं बंद केलं होतं. निमेसुलाइडवर बंदी २०२४ च्या डिसेंबरात आली. दरवेळी आधी औषध बाजारात येतं, मग गिधाडं मरतात, मग कुणीतरी शवविच्छेदन करतं, मग वर्षानुवर्षं अर्ज आणि सुनावण्या. हा क्रम उलटा करता येतो. गुरांसाठी नवं वेदनाशामक विकायचं असेल, तर ते गिधाडांना सुरक्षित आहे हे कंपनीनं आधी सिद्ध करावं. सिद्ध झालं तर विक्री, नाही तर नाही. केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड कृती आराखड्यातही धोकादायक औषधं गुरांच्या वापरातून हटवण्याचं सूत्र होतं. ते कायद्याच्या बंधनात यायला हवं.

हे अशक्य नाही. टॉल्फेनॅमिक ॲसिड या औषधाची अलीकडं भारतात गिधाडांवर तपासणी झाली आणि ते सुरक्षित ठरलं, म्हणजे मेलॉक्झिकॅमला जोडीदार मिळाला. पशुवैद्यकांच्या हातात आता दोन पर्याय आहेत, दोन्ही आपल्याकडं बनतात. फ्लुनिक्झिन मात्र आजही गुरांना दिलं जातं, आणि त्यानं स्पेनमध्ये एक गिधाड मेल्याचा पुरावा नोंदलेला आहे. पुढची सुनावणी त्याची व्हायला हवी, आणि या वेळी माळावर मेलेल्या गिधाडांची वाट न पाहता.